मर्दन, मालिश आणि नोंदणी : वऱ्हाडाच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :

अंगमर्दन ही भारतीय लोकजीवनातील अतिप्राचीन उपचारपद्धती होय. दिवाळीच्या अभ्यंगस्नानापासून बाळंतिणीच्या शेक-मालिशीपर्यंत आणि आखाड्यातील पहिलवानापासून अर्धांगवायूच्या रुग्णापर्यंत तिचा संचार आहे. तथापि, रुग्ण ज्याच्या हाती आपले शरीर सोपवितो, त्या हातांची हमी कोण देतो, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात फारसा विचारला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात पांढरकवडा ज्या वऱ्हाड प्रांतात मोडत होते, त्या प्रांताच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

शास्त्र आणि बलुता :

चरकसंहितेत व वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अभ्यंगाला दिनचर्येत स्थान दिलेले आढळते. डोके, कान व पाय यांना विशेषत्वाने तेल लावावे, असे वाग्भट सांगतो. परंतु अभ्यंग कोणी टाळावा, हेही तो तितक्याच स्पष्टपणे नोंदवितो. कफाने ग्रस्त, नुकतीच शोधनक्रिया झालेला आणि अजीर्ण झालेला मनुष्य त्याने वर्ज्य ठरविला आहे. निषेध सांगणे हेच शास्त्राचे खरे लक्षण मानावे लागेल. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र चोळण्या-रगडण्याचे काम न्हावी, सुईण आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडे राहिले. ग्रंथ एका वर्गाकडे व हात दुसऱ्या वर्गाकडे, अशी ही विभागणी होती. पुढील सर्व कायद्यांवर तिची छाया पडलेली दिसते.

नोंदणीचा प्रारंभ :

इंग्लंडमध्ये मालिशीच्या नावाखाली अनैतिक व्यवसाय चालतो, असा गवगवा झाल्यानंतर 1894 मध्ये काही परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. 1920 मध्ये तिला राजसनद मिळाली व तिच्यातूनच आजची फिजिओथेरपीची व्यावसायिक संघटना विकसित झाली. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात 1925 च्या कायद्याने औषधाविना उपचार करणाऱ्यांत मालिशकारांचाही समावेश केला. म्हणजेच तेथे मालिश करणाराच नोंदणीकृत झाला.

वऱ्हाडात मात्र असे घडले नाही. 1903 पासून मध्य प्रांताशी प्रशासकीयदृष्ट्या जोडलेल्या या प्रदेशात 1947 च्या कायद्याने वैद्य व हकीम यांच्या नोंदणीची तरतूद झाली. 1956 मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. त्यानंतरच्या 1961 च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाने राज्यभरातील भारतीय वैद्यकाची नोंदणी एका सूत्रात आणली. नोंद झाली ती औषध देणाऱ्याची. तेल लावणारा हात नोंदवहीबाहेरच राहिला.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात याच काळाच्या थोडे आधी एक वेगळा प्रयोग घडला होता. सेवाग्राम आश्रमात कुष्ठरोगाने पीडित असलेल्या परचुरे शास्त्रींना महात्मा गांधी स्वतःच्या हातांनी मालिश करीत. ज्याला समाज शिवत नव्हता, त्याला केलेला तो स्पर्श होता. मालिशीच्या सामाजिक इतिहासात या घटनेचे मोल कोणत्याही अधिनियमापेक्षा कमी नाही. 1946 मध्ये गांधीजींनी उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे केंद्र सुरू केले, तेव्हा खेड्यातील गरिबांना परवडणारा उपचार हीच त्यांची भूमिका होती.

आधुनिक व्यवसायाची घडण :

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात 1950 मध्ये कमला निंबकर यांच्या पुढाकाराने व्यवसायोपचाराचे, तर 1953 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. पोलिओने लुळे पडलेल्या मुलांचे पुनर्वसन ही त्यामागील एक निकड होती. तरीही या दोन्ही व्यवसायांसाठी स्वतंत्र राज्य परिषदेचा कायदा होण्यास 2002 उजाडावे लागले. 2021 मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला व त्यातही फिजिओथेरपीला स्थान मिळाले.

अशा प्रशिक्षित व्यक्तीकडे गेलेल्या रुग्णाने काय अपेक्षावे? प्रथम आजाराची विचारपूस व तपासणी, कोणत्या भागावर, कशासाठी व किती वेळ उपचार होणार याची कल्पना, रुग्णाची संमती, आवश्यक तेवढाच भाग उघडा ठेवण्याचे पथ्य, आणि वेदना होताच थांबविण्याचा अधिकार. ताप, ताजा अस्थिभंग किंवा पोटरीत रक्ताची गुठळी असल्याचा संशय असेल, तर जाणकार व्यक्ती त्या ठिकाणी मालिश नाकारते. गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. वाग्भटाच्या निषेधांची कारणे निराळी असली, तरी आधी विचारावे व मगच हात लावावा, हा क्रम दोहोंत समान आहे.

केळापूर तालुक्यातील खेड्यांत बाळ-बाळंतिणीची मालिश मुख्यत्वे दाईच्या किंवा घरातील आजीच्याच हाती राहिली. स्वातंत्र्योत्तर काळातील शासकीय दाई प्रशिक्षणाने दाईची दखल घेतली खरी. मात्र त्याचा भर स्वच्छ व सुरक्षित प्रसूतीवर होता. नाळ कशी कापावी हे तिला शिकविले गेले, पण प्रसूतीनंतर ती दिवसेंदिवस जी मालिश करी, ती शासनाच्या लेखी घरकामच राहिली.