हिरकणीचा कडा आणि सेकंदाचा चोविसावा भाग

#थ्रेड #इतिहास #रायगड

१/ रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. रोपवेचे खालचे स्थानक येथेच. लोककथा अशी की, सायंकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या बाळाच्या ओढीने हिरकणी गवळण रात्री कडा उतरून गेली. महाराजांनी पुढे त्या जागी बुरूज बांधविला. लिखित पुराव्यापेक्षा ही कथा तोंडी परंपरेने व गाण्यांनी जपली आहे.

२/ २०१९ साली ती पडद्यावर आली: ‘हिरकणी’, दिग्दर्शक प्रसाद ओक, संगीत अमितराज. कडा उतरण्यासारख्या प्रसंगाला पार्श्वसंगीत देणे म्हणजे दृश्यातील प्रत्येक हालचालीशी ताल जुळविणे. आज हे काम संगणकावर चालते. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये वर व्हिडिओ फाइल आणि खाली वाद्यांचे ट्रॅक. या जुळणीलाही इतिहास आहे.

३/ १९१३ चा दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मूक होता. मूकपटांच्या काळात वादक थिएटरातच बसून, पडद्याकडे पाहत साथ करीत. त्यामुळे चित्र तेच राही, संगीत मात्र खेळागणिक बदले.

४/ १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि १९३२ मध्ये कोल्हापूरच्या ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत आणि हरिश्चंद्राची भूमिका, दोन्ही गोविंदराव टेंबे यांची. नट कॅमेऱ्यासमोरच गात. चित्र आणि सूर एकाच क्षणी टिपले जात.

५/ १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘भाग्यचक्र’मध्ये पार्श्वगायन आणले. आता गाणे आधी मुद्रित होई आणि ओठ त्यामागून चालत. पार्श्वसंगीताचा क्रम मात्र उलटा राहिला: आधी चित्राचे संकलन, मग संगीत.

६/ ही जुळणी अंकांवर उभी आहे. बोलपटाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली, तर दर १२ फ्रेमला एक ठोका पडतो. भारतीय दूरचित्रवाणीच्या २५ फ्रेमच्या हिशेबात तोच ठोका साडेबारा फ्रेमवर, म्हणजे दोन फ्रेमच्या मधोमध जातो. म्हणून सॉफ्टवेअरचा फ्रेम रेट प्रथम व्हिडिओ फाइलशी जुळवून घ्यावा लागतो.

७/ सॅम्पल रेटची कथा अधिक रंजक आहे. आरंभी डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवरच साठवीत. सेकंदाला ५० क्षेत्रे, प्रत्येकात २९४ वापरण्याजोग्या रेषा, प्रत्येक रेषेत ३ नमुने: गुणाकार ४४,१००. १९८२ मध्ये आलेल्या सीडीने हाच आकडा उचलला.

८/ व्हिडिओसाठी ४८,००० हा आकडा रूढ झाला. तो २४ फ्रेमला दर फ्रेमी २,००० आणि २५ फ्रेमला १,९२० असा पूर्ण भागला जातो. ४४,१०० ला २४ ने भागले, तर अर्धा नमुना उरतो.

९/ आता कल्पना करा: हिरकणीवाडीतील एका आजीची जात्यावरची ओवी ४८,००० ने ध्वनिमुद्रित झाली आणि सॉफ्टवेअरने ती ४४,१०० समजून वाजविली. तासाचे ध्वनिमुद्रण पाच मिनिटांनी लांबेल, सूर सुमारे दीड अर्धस्वर उतरेल, आणि चित्र पुढे निघून जाईल. चित्र सोबत नसेल, तर उद्याचा अभ्यासक तोच आजीचा खरा आवाज, तीच खरी लय मानील.

१०/ म्हणून मूळ फाइल न बदलता जपावी. फ्रेम रेट आणि सॅम्पल रेट तिच्यासोबत लिहून ठेवावेत. चित्र आणि ध्वनी वेगवेगळ्या यंत्रांवर टिपताना आरंभी एक टाळी वाजवावी, म्हणजे दोन्ही फाइली पुन्हा जुळविता येतात. मोबाइलचा फ्रेम रेट अनेकदा कमीजास्त होतो. तो स्थिर केलेली प्रत काढून तिच्यावरच काम करावे.

११/ ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. हरवलेले साधन निदान हरवले असे कळते. वेग बदललेले साधन मात्र अस्सल म्हणून पुढे जाते. तोंडी परंपरेवर जगणाऱ्या हिरकणीसारख्या कथांना हा धोका सर्वांत मोठा आहे.

(समाप्त)