गेटवरचा वॉचमन तिजोरीपर्यंत कसा पोचला? गेममधल्या अँटी-चीटची २५ वर्षं

आजचा विषय असा, की ऑनलाइन गेम खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाने त्याला एकदा तरी शिव्या घातल्यात. समोरचा भिंतीआडून नेमका हेडशॉट मारतो तेव्हा आपण ओरडतो, "कंपनी झोपलीय का?" आणि तीच कंपनी आपला कॉम्प्युटर तपासायला लागली की आपणच विचारतो, "आमच्या घरात डोकावणारे हे कोण?" दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. आणि दोन्ही एकाच माणसाच्या आहेत: जो प्रामाणिकपणे खेळतो त्याच्या. आज या दुसऱ्या तक्रारीचा इतिहास बघूया.

आधी एक साधा प्रश्न. हे सॉफ्टवेअर लागतंच कशाला? तर बघा, भिंतीमागून शत्रू बाहेर आला की तो तुमच्या स्क्रीनवर लगेच दिसायला हवा. म्हणून तो कुठे आहे, हे गेमचा सर्व्हर तुमच्या कॉम्प्युटरला आधीच सांगून ठेवतो. माहिती तुमच्याच मशीनमध्ये असते, फक्त तुम्हाला दाखवलेली नसते. वॉलहॅक ती उघडून दाखवतो. एमबॉट त्याच माहितीवरून तुमच्याऐवजी नेम धरतो. म्हणजे चोरी होते ती खेळाडूच्या घरात. मग वॉचमनलाही घरातच बसवावं लागतं. सगळं भांडण इथून सुरू होतं.

सन २०००. 'हाफ-लाइफ'वर आधारलेले 'काउंटर-स्ट्राइक' आणि 'टीम फोर्ट्रेस क्लासिक' हे गेम तेव्हा जोरात होते, आणि फसवणूकही तितकीच जोरात. वैतागलेल्या टोनी रे नावाच्या एका खेळाडूने स्वतःच उपाय काढला. त्याच्या 'इव्हन बॅलन्स' कंपनीचं हे सॉफ्टवेअर म्हणजे 'पंकबस्टर'. लक्षात घ्या, सुरुवातीच्या या वॉचमनला कोणी वरून लादलं नव्हतं. खेळाडूंनाच तो हवा होता. पंकबस्टर कॉम्प्युटरची मेमरी चाळायचा आणि माहितीतल्या चीट प्रोग्रॅमचे तुकडे सापडतात का ते बघायचा.

यातली खोच २००८ मध्ये उघडी पडली. काही हॅकर्सनी चीट प्रोग्रॅममधले मजकुराचे तुकडे उचलले आणि आयआरसी या चॅटच्या गर्दीच्या चॅनेल्सवर टाकून दिले. झालं! तिथे नुसत्या गप्पा मारत बसलेल्यांच्या मेमरीत ते तुकडे पोचले, पंकबस्टरला ते दिसले, आणि काहीही न केलेल्या खेळाडूंवर बंदी आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

तोवर वॉचमन गेट सोडून दिवाणखान्यात आला होता. २००५ मध्ये ग्रेग हॉगलंड या सुरक्षा-तज्ज्ञाने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधला 'वॉर्डन' उलगडून पाहिला. त्याला दिसलं, की हा प्रोग्रॅम गेमपुरता थांबत नाही. उघड्या असलेल्या इतर विंडोंची शीर्षकंही वाचतो. तुम्ही कोणाला ईमेल लिहिताय, कुठली वेबसाइट बघताय, याचा अंदाज शीर्षकावरूनही येतोच. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने त्याला सरळ स्पायवेअर म्हटलं. फक्त फसवणूक शोधायलाच हे आहे, असं ब्लिझार्ड कंपनीचं म्हणणं होतं.

त्याच वर्षी आणखी एक गंमत झाली. सोनी बीएमजीने आपल्या गाण्यांच्या सीडीत कॉपी रोखणारं एक सॉफ्टवेअर गुपचूप घातलं होतं. ते कॉम्प्युटरवर ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कोणतीही फाइल लपवून टाकायचं. चीट करणाऱ्यांनी आपल्या फाइल्सना तीच अक्षरं जोडली, आणि वॉर्डनला त्या दिसेनाशा झाल्या. एका कंपनीचा पहारेकरी दुसऱ्या कंपनीच्या पहारेकऱ्याला आंधळा करून बसला!

पण विश्वास खऱ्या अर्थाने तुटला तो २०१३ मध्ये. 'ईएसईए' ही 'काउंटर-स्ट्राइक'च्या स्पर्धांची अमेरिकेतली लीग. तिथे खेळायचं तर तिचं अँटी-चीट बसवावंच लागायचं. खेळाडूंच्या लक्षात आलं, की गेम बंद असतानाही आपलं ग्राफिक्स कार्ड राबतंय. कारण काय? त्या सॉफ्टवेअरमधून बिटकॉइन मायनिंग चालू होतं. वीज खेळाडूंची, कार्ड खेळाडूंचं, नाणी दुसऱ्याची. एका कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय केलं, असं कंपनी म्हणाली. न्यू जर्सी राज्याच्या कारवाईत सुमारे १४,००० कॉम्प्युटर्सचा आकडा पुढे आला आणि १० लाख डॉलर्सची तडजोड झाली. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

आता कोणीही विचारेल, एवढं झाल्यावर हा वॉचमन काढून का नाही टाकला? उत्तर आपल्याच देशाच्या एका संघाने दिलंय. ऑक्टोबर २०१८, शांघाय. 'ऑप्टिक इंडिया' हा भारतीय संघ आशियातल्या 'काउंटर-स्ट्राइक' स्पर्धेत खेळत होता. भर सामन्यात एका खेळाडूच्या कॉम्प्युटरवर चीट सापडलं. फाइलला नाव दिलं होतं 'वर्ड'. जणू कोणी ऑफिसचं पत्र टाईप करतंय! संघ बाद झाला, नंतर विसर्जित झाला, त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. बाकीच्या खेळाडूंची मेहनत आणि भारतीय ई-स्पोर्ट्सची पत, दोन्ही एका फाइलने घालवली. पहारा नसला की काय होतं, हे आपण जवळून पाहिलंय.

मग आलं २०२०. तोवर चीट बनवणारे विंडोजच्या कर्नलमध्ये शिरले होते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, जिथून मेमरी, डिस्क, कीबोर्ड सगळं हाताशी असतं. आपल्या भाषेत, घरातली तिजोरी. कर्नलमध्ये जाणारी अँटी-चीट आधीही होती, पण ती बहुधा गेम सुरू झाल्यावर जागी व्हायची. रायट गेम्सच्या 'व्हॅलोरंट'मधलं 'व्हॅनगार्ड' मात्र कॉम्प्युटर सुरू होताच सुरू व्हायचं, मग तुम्ही त्या दिवशी गेम खेळा नाहीतर फक्त अभ्यास करा. रायटचा युक्तिवाद चुकीचा नव्हता: चीट आधी आत शिरलं तर ते आपल्या डोळ्यांत धूळ फेकणार, म्हणून आपणच पहिले हवे. पण खेळाडू भडकले. शेवटी रायटने ते बंद करायचं बटण दिलं. अट एवढीच, की पुन्हा खेळायचं तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. चूक शोधून देणाऱ्याला एक लाख डॉलर्सपर्यंत बक्षीसही जाहीर केलं.

त्याच वर्षी मे महिन्यात 'डूम इटर्नल'मध्ये एका अपडेटबरोबर 'डेनुवो'चं कर्नल अँटी-चीट आलं. लोकांनी पैसे मोजून गेम घेतला होता, आणि एकट्याने राक्षस मारणाऱ्यांच्याही मशीनमध्ये हे शिरलं. एकट्याने खेळताना फसवणार कोणाला? स्टीमवर नकारात्मक रिव्ह्यूंचा पाऊस पडला आणि कंपनीने ते काढून टाकलं.

तिजोरीत दुसऱ्याला जागा दिली की काय होऊ शकतं, ते २०२२ मध्ये दिसलं. 'ट्रेंड मायक्रो' या सुरक्षा कंपनीने दाखवलं, की खंडणीखोर हॅकर्स 'गेन्शिन इम्पॅक्ट'चा अँटी-चीट ड्रायव्हर वापरून लोकांचा अँटीव्हायरस बंद पाडतायत. त्या कॉम्प्युटरवर 'गेन्शिन' असायचीही गरज नव्हती. हॅकर तो ड्रायव्हर सोबत घेऊनच यायचे. वॉचमनचा गणवेश चोराने घातला होता.

आता या सगळ्याच्या शेजारी दोन वेगळे प्रसंग ठेवून बघा. जुलै २०१०: 'व्हॅल्व्ह' कंपनीच्या अँटी-चीटने 'मॉडर्न वॉरफेअर २'च्या सुमारे १२,००० खेळाडूंवर चुकून बंदी घातली. कंपनीचे प्रमुख गेब नेवेल यांनी चूक आमची म्हणून मान्य केलं, बंदी उठवली आणि प्रत्येकाला 'लेफ्ट ४ डेड २' हा गेम फुकट दिला. वर मित्राला द्यायला आणखी एक. ऑक्टोबर २०२३: एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या नव्या सोयीमुळे 'काउंटर-स्ट्राइक २'मध्ये निरपराध खेळाडू बॅन व्हायला लागले. व्हॅल्व्हने कारण जाहीर सांगितलं, एएमडीने ती सोय मागे घेतली, बंदी उठली. चूक इथेही मोठीच होती. पण लोकांचा राग लवकर निवळला, कारण कोणीतरी पुढे येऊन उत्तर दिलं.

मला या २५ वर्षांच्या इतिहासातून हेच दिसतं. वॉचमन कडक आहे म्हणून खेळाडू चिडत नाही. तो कडक वॉचमनच मागतो. चिडतो तेव्हा, जेव्हा वॉचमन न विचारता आत येतो, कपाट उघडतो, आळ घेतो आणि "का?" म्हटलं की एक ठरलेला ईमेल पाठवतो. ज्याने फसवलं तो नवं अकाउंट काढून दुसऱ्या दिवशी हजर. ज्याने नाही फसवलं त्याचं वर्षानुवर्षं जमवलेलं अकाउंट गेलेलं असतं, आणि दाद मागायला दार नसतं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर फोनवर खेळतो, आमचा काय संबंध? आहे ना. अँड्रॉइडवर एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या मेमरीत सहसा डोकावता येत नाही, गाभ्यात तर नाहीच. म्हणून मोबाईल गेम वेगळं तपासतात: फोन रूट केलाय का, ॲपमध्ये फेरफार झालाय का, हा फोन आहे की कॉम्प्युटरवरचा एम्युलेटर. तिजोरीची किल्ली इथे फोनची सिस्टीम बनवणाऱ्यांकडे असते. घर थोडं सुरक्षित होतं खरं, पण आपल्याच फोनवर काय करायचं हे ठरवायचा आपला हक्कही थोडा कमी होतो.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा गेम आत यायची परवानगी मागेल, तेव्हा तीन गोष्टी विचारा. खेळून झाल्यावर हे बंद होतं का? गेम काढला की हेही जातं का? आणि चुकून बॅन झालो तर माणूस उत्तर देतो का? वॉचमनचा पगार शेवटी आपल्याच खिशातून जातो. त्याला एवढं विचारायचा हक्क आपल्याला नक्कीच आहे.

आज इथेच थांबूया. तुम्हाला कधी विनाकारण बॅन मिळाला असेल तर जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!