बिडीच्या पुडक्यावरचे नाव

#थ्रेड

मार्च महिन्याचा दुसरा बुधवार हा धूम्रपान निषेध दिन. ब्रिटनमध्ये १९८४ साली सुरू झालेला हा प्रघात भारतातही रुळला. २०२० साली हा बुधवार ११ मार्चला आला. १६८९ साली याच तारखेला, पुण्याजवळच्या तुळापूर येथे छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली होती. तारखांचा हा निव्वळ योगायोग. परंतु त्या दिवशीही पुण्यातील टपऱ्यांवर 'संभाजी बिडी' विकली जात होती.

छत्रपतींचे नाव बिडीच्या पुडक्यावर पोहोचले कसे? त्यासाठी वंगभंगाच्या काळात जावे लागते.

ऑक्टोबर १९०५. पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली. लोकमान्य टिळक आणि शि. म. परांजपे तेथे उपस्थित होते. पुढाकार घेणाऱ्या विनायक सावरकरांना फर्ग्युसन महाविद्यालयाने दहा रुपये दंड केला व वसतिगृहातून काढले. हा प्रसंग सर्वश्रुत आहे.

कापडाइतकी चर्चा न झालेली दुसरी वस्तू म्हणजे सिगारेट. बहिष्काराच्या लाटेत देशभरातील अनेक सुशिक्षितांनी विलायती सिगारेट टाकली आणि बिडी ओठांत धरली. तोवर बिडी हे गरिबाचे व्यसन मानले जाई. आता तिला देशभक्तीची प्रतिष्ठा लाभली. 'सिगारेट सोडा' याचा त्या काळचा अर्थ धूर सोडा असा नव्हता. धुराचा पैसा ब्रिस्टलच्या कारखानदाराकडे जाऊ नये, एवढाच होता.

स्वदेशी मालाला देवादिकांची आणि वीरपुरुषांची नावे मिळणे मग ओघानेच आले. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची बिडी याच परंपरेतली. नाव ठेवताना अवमानाचा हेतू असेल, असे मानणे कठीण आहे. त्या पिढीला त्यात विसंगती दिसली नाही, इतकेच.

विसंगती मात्र होती. तेंदूच्या पानातून हवा सहजी आत शिरत नाही. बिडी विझू नये म्हणून वरचेवर झुरके घ्यावे लागतात, आणि डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा अधिक प्रमाणात छातीत उतरते. वळणाऱ्या हातांचीही सुटका नाही. घरोघरी मांडीवर सूप घेऊन, पान कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळणाऱ्या कामगारांत बहुसंख्य स्त्रियाच. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने, आणि तंबाखूची धूळ दिवसभर श्वासात. त्यांच्यासाठीचा स्वतंत्र कायदा आला तो १९६६ साली, स्वदेशीच्या त्या लाटेनंतर साठ वर्षांनी.

सप्टेंबर २०२० मध्ये शिवप्रेमी संघटनांनी बिडीच्या नावाविरुद्ध आंदोलन उभारले. मागणी रास्त होती आणि ती मान्यही झाली. २०२१ मध्ये तीच बिडी 'साबळे बिडी' या नावाने बाजारात आली.

आंदोलन नावापुरते होते. बिडी वळणाऱ्या बाईच्या श्वासाचा अथवा ओढणाऱ्याच्या फुप्फुसाचा विषय त्या वादात अभावानेच निघाला.