बलू दा, बलू थंबी आणि पेंटरचा ब्रश

गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं, ते शिळाछापावर. म्हणजे हाताने लिहिलेलं अक्षर दगडावर उतरवायचं आणि तसंच्या तसं छापायचं. शिशाचे खिळे त्या मानाने कटकटीचे. काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे ओतावे लागत. एवढा खर्च कोण करणार? पोथ्यापुस्तकांना चालेल असं गंभीर वळणच ओतलं जायचं. गमतीचं, मोकळंढाकळं अक्षर हवं असेल तर ब्रश उचला.

म्हणून आपल्याकडे ते अक्षर जाहिरातीत, नाटकांच्या नावांत वाढलं. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी काढलेली नाटकांची शीर्षकं पाहा. नाटक हसवणार की रडवणार, ते अक्षरच सांगतं. माझ्या मते वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान ही आपली अक्षरांची सगळ्यात मोठी शाळा होती. फी फक्त पेपरची.

कॉम्प्युटर आला आणि खिळ्यांची अडचण संपली. इंग्रजीत कॉमिक सान्स १९९४ मध्येच तयार झाला होता. देवनागरीला वेळ लागला. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’ मुळात हाताने रेखाटलेल्या अक्षरांतून आला. तो इतका जाड की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा जेमतेम रेघेएवढी उरते. ‘क्ष’सारख्या गुंतागुंतीच्या अक्षरात हे साधणं म्हणजे कसरतच. त्यांचाच ‘बलू’ नऊ भारतीय लिप्यांत आहे: गुजरातीत बलू भाई, बंगालीत बलू दा, तमिळमध्ये बलू थंबी, गुरुमुखीत बलू पाजी. सगळे फुकट.

फुकट म्हटल्यावर पेंटरचं काय? २०२२ मध्ये राज्याने लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली, सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. आमच्या गारखेड्यात पाट्या बदलल्या, पण काम गेलं फ्लेक्सवाल्याकडे. आता केकवाला, चहावाला, शिकवणीवाला, सगळ्यांच्या पाटीवर तीच गुबगुबीत अक्षरं. फॉन्ट सुंदरच आहेत, त्यावर माझा राग नाही. पण पेंटरने दोनदा लिहिलेला ‘श्री’ दोनदा वेगळा यायचा. हा हाताने काढल्यासारखा ‘श्री’ मात्र शंभर पाट्यांवर हुबेहूब एकच.

‘गेटसमोर गाडी लावू नये’ तेवढं अजून पेंटरच लिहितो. शटरच्या पन्हळींवर फ्लेक्स नीट बसत नाही.