मर्केल पेशी कर्करोग

त्वचेचा दुर्मिळ, पण अत्यंत आक्रमक कर्करोग. सिरिल टोकर यांनी 1972 मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. चेहरा, मान, हात अशा उन्हात राहणाऱ्या भागांवर लालसर वा जांभळट, न दुखणारी गाठ येते आणि काही आठवड्यांतच वाढते. दुखत नाही म्हणून ती अंगावर काढली जाते, हाच खरा घात.

2008 मध्ये युआन चांग व पॅट्रिक मूर यांच्या गटाने या गाठींत एक पॉलिओमा विषाणू शोधला. पाश्चात्त्य देशांतील सुमारे 80 टक्के गाठींत तो सापडतो. उरलेल्यांमागे मुख्यतः अतिनील किरणांनी झालेली जनुकीय हानी असते. उतारवय आणि दुबळी प्रतिकारशक्ती धोका वाढवतात.

कर्करोग पीडी-1 या रोधकाच्या आधारे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना थोपवतो. अ‍ॅव्हेलुमॅब (अमेरिकेत मान्यता 2017) व पेम्ब्रोलिझुमॅब (2018) ही औषधे हा अडसर दूर करतात. पसरलेल्या रोगातही निम्म्याच्या आसपास रुग्णांना गुण येतो. केमोथेरपीपेक्षा तो बराच टिकतो. किंमत मात्र सामान्यांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोके-मानेच्या कर्करोगात याच प्रकारच्या निवोलुमॅब या औषधाच्या अल्प मात्रेची उपयुक्तता दाखवली (2022), ते मोलाचे.

नांदेड जिल्ह्यातील नायगावच्या शिवारात उन्हात राबणाऱ्यांनी झपाट्याने वाढणारी गाठ नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वेळीच दाखवावी.