चौक (मीरा-भाईंदर)

चौक : ठाणे जिल्ह्यात मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील मच्छीमारांचे गाव. भाईंदर स्थानकापासून रस्त्याने पश्चिमेला सात-आठ किमी. धारावी बेटाच्या उत्तर टोकाला, वसईची खाडी अरबी समुद्राला मिळते त्या मुखावर ते वसले आहे. खाडीपलीकडे वसईचा किल्ला. रायगड जिल्ह्यात खालापूरजवळचे चौक वेगळे. धारावीच्या बाबतीतही घोटाळा नको : वसईच्या मोहिमेत जिचे नाव पुन्हा पुन्हा येते ती धारावी ही, माहीमच्या खाडीलगतच्या वस्तीशी तिचा संबंध नाही.

मनोरी आणि गोराई ही या बेटाची दक्षिणेकडची गावे मुंबईत मोडतात. उत्तन, पाली, डोंगरी, तारोडी आणि चौक मीरा-भाईंदरकडे आली. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. भाईंदरला टोलेजंग इमारती उठल्या तरी मोर्वा-राई ओलांडून बस डोंगरीच्या चढाला लागली की कौलारू घरे, ताड आणि क्रूस दिसू लागतात. मुंबईच्या उपनगरी गाडीतून उतरून तासाभरात गाठता येईल असा दुसरा इतका अस्सल खेडवळ किनारा उरलेला नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

चौकचे महत्त्व खाडीच्या मुखामुळे. उल्हास नदीचा उत्तरेकडचा फाटा इथे समुद्राला मिळतो. वसईला जाणारे गलबत चौकच्या टेकडीच्या नजरेखालूनच जाई. त्यामुळे वसई हवी तर धारावी हवी, हे पोर्तुगीजांना आणि मराठ्यांना सारखेच कळले होते. १७३७ मध्ये मराठ्यांची वसईची मोहीम सुरू झाल्यापासून हे ठाणे कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे गेले. मार्च १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ते जिंकले, खाडीतून येणाऱ्या रसदेची वाट अडली, आणि मे महिन्यात वसई पडली. विजयाचे सगळे श्रेय वसईच्या सुरुंगांना देण्याची रीत आहे. धारावीला त्यात दोन ओळीही मिळत नाहीत. धारावी किल्ल्याचे अवशेष चौकच्या टेकडीवर आहेत : ढासळलेला बुरूज, तटाचे तुकडे, झुडपे. बघण्यासारखे बांधकाम थोडे, पण उभे राहून खाडी बघितली की मोहिमेचा नकाशा आपोआप उलगडतो. वसईच्या पोर्तुगीज इमारतींसाठी याच बेटाच्या टेकड्यांतून दगड नेला जाई. म्हणजे समोरचा किल्ला निम्मा इथलाच म्हणायचा.

१५३४ च्या तहाने हा मुलूख गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला. पुढची दोन शतके त्यांच्या अमलाखाली लोक ख्रिस्ती झाले. डोंगरीचे बेथलेहेम मातेचे चर्च सतराव्या शतकाच्या आरंभीचे. आज गावातले बहुसंख्य लोक ख्रिस्ती कोळी, बोली मराठीची. उत्तर कोकणातल्या या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. तारोडीचे धारावी देवीचे देऊळ शेजारीच, आणि नवरात्रात तिथे गर्दी लोटते.

मासेमारी मुख्यतः डोलीची. डोल म्हणजे शंकूच्या आकाराचे लांब जाळे. समुद्राच्या तळाशी खुंट ठोकून ते जागेवर बांधतात. प्रवाहाकडे त्याचे तोंड उघडे. मासा पाण्याच्या ओढीने आत शिरतो, आणि ओहोटी-भरती पालटताना, पाणी क्षणभर थबकते तेव्हा, जाळे उपसायचे. उधाणाला ओढ जोरात म्हणून मासळी भरपूर, भांगाला बोटी बऱ्याचदा धक्क्याला. खुंट ठोकलेल्या जागेला ‘कव’ म्हणतात. कवीच्या हद्दींवरून वसई-उत्तन पट्टा आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यात जुने भांडण आहे, आणि समुद्रात बांध घालता येत नाही म्हणून ते मिटतही नाही.

डोलीत सापडणारा मुख्य मासा बोंबील. जोडीला मांदेली, करंदी, जवळा. पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला (२०२३), पण या गावाचे पोट बोंबलानेच भरले आहे. ताजा बोंबील निव्वळ पाणी. दिवसभरही टिकत नाही, म्हणून वाळवणे आले. पाऊस सरला की किनाऱ्यावर बांबू-दोरीच्या वलांड्या उभ्या राहतात. बायका दोन बोंबील उचलतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि जोडी दोरीवर टाकतात. दात आत वळलेले, त्यामुळे गाठ लागत नाही, सुतळी लागत नाही. हात इतके सवयीचे की नजर शेजारणीकडे असते. चांगले ऊन आणि खारा वारा असला तर दोन-तीन दिवसांत माल तयार. ढग आले तर सगळा वास बिघडतो, आणि अवकाळी पाऊस आला तर त्या दिवसाची कमाई गेलीच म्हणून समजावे. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी. बंदी उठली की बोटींवर धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडतात आणि मग हंगाम सुरू होतो.

खाणे हे चौक आणि एकूण धारावी बेटाचे खरे ऐश्वर्य. पायाशी बॉटल मसाला. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, गरम मसाल्याचे जिन्नस वाळवतात, भाजतात, कांडतात आणि गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात. जिन्नस वीसच्या पुढे, आणि प्रमाण दोन घरांचे कधी एक नसते. मिरची या किनाऱ्यावर पोर्तुगीज जहाजांनी अमेरिकेतून आणली. स्पेनमध्ये एक्स्त्रेमादुराच्या ला व्हेरा खोऱ्यात तीच मिरची ओकच्या धुरावर वाळवून पिमेंतोन करतात आणि त्या तांबड्या पुडीवर तिकडची गावे प्रवाशांना बोलावतात. इथे धूर नाही, ऊन आहे. आणि पाटी लावून बोलावणारेही कोणी नाही. लग्नात डुकराचे इंदेल आणि सारपातेल, सोबत अंडे, नारळाचे दूध आणि ताडी घालून फुगवलेल्या पिठाचे तळलेले फुगे. लग्नाच्या आदल्या रात्री बँड लावून विहिरीवर ‘उंबराचं पाणी’ आणायला जातात, तेव्हाच्या फुग्यांची चव हॉटेलात सापडत नाही. रोजचे जेवण साधे : भात, मासळीचे तिखट कालवण, भाजलेला सुका बोंबील.

शेती थोडी. पावसाळी भात, नंतर भाजीपाला, आणि ताडाची ताडी व ताडगोळे. भाताची पहिली लोंबी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये नेतात. त्या सणाला आगेरा म्हणतात.

पाहुण्याने काळ बघून यावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वाळवणाचा आणि चालण्याचा. एप्रिल-मेमध्ये मसाल्याच्या खकाण्याने डोळे झोंबतात, पण तेच बघायचे असते. भाईंदर पश्चिमेहून महापालिकेच्या बसगाड्या आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो बोट चालू आहे, तेव्हा सकाळी चौक आणि दुपारी वसईचा किल्ला असा बेत जमतो. वलांड्यांच्या मधून चालायचे तर विचारून. ती लोकांची कामाची जागा आहे, फोटोसाठी मांडलेली नाही. जेवायला खानावळ शोधत बसू नये. बाजारातून मासळी घ्यावी आणि ओळखीच्या घरी शिजवून मागावी.

शहराचा रेटा मात्र इथेही पोचला आहे. महापालिकेचा घनकचरा प्रकल्प उत्तनच्या डोंगरावर आहे, आणि त्याचे सांडपाणी शेतात-विहिरीत उतरते अशी तक्रार शेतकरी वर्षानुवर्षे करत आले आहेत. मेट्रो ९ ची कारशेड राई-मुर्धाकडून डोंगरीच्या टेकडीवर हलवल्यावर झाडांवर कुऱ्हाड येणार म्हणून गावे एकवटली. डोलीत बोंबलाबरोबर प्लास्टिक येते. बायका ते निवडून बाजूला टाकतात आणि पुढची जोडी लावतात.