अॅनी मूर कोणती ?

न्यूयॉर्क बंदरांतील एलिस बेटावर, परदेशांतून वस्तीस येणाऱ्या लोकांच्या तपासणीसाठीं अमेरिकन सरकारनें बांधलेलें ठाणें ता. १ जानेवारी १८९२ रोजीं उघडलें. त्या दिवशीं तीन आगबोटींवरील सुमारें ७०० लोकांची तपासणी झाली. त्यांत सर्वांच्या आधीं जिचें नांव वहींत चढलें ती अॅनी मूर नांवाची आयरिश मुलगी होय. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील क्वीन्सटाउन (हल्लींचें कोव्ह) बंदरांतून ता. २० डिसेंबर १८९१ रोजीं ‘नेवाडा’ नांवाच्या आगबोटीनें ती निघाली. बरोबर अँथनी व फिलिप हे दोन धाकटे भाऊ होते. आईबाप पूर्वींच न्यूयॉर्कास जाऊन राहिले होते. ठाण्याचा मुख्य अधिकारी कर्नल जॉन वेबर यानें तिला दहा डॉलरांचें सोन्याचें नाणें दिलें. वर्तमानपत्रांत ही हकीकत छापून आली, आणि तेथून पुढें या मुलीचा माग तुटला.

ठाणें १९५४ सालीं बंद झालें. तोंपर्यंत सुमारें एक कोटि वीस लक्ष लोक या दारानें आंत गेले. त्यांतील पहिल्या मुलीचें पुढें काय झालें हें जाणण्याची इच्छा लोकांस व्हावी हें साहजिकच आहे. या प्रश्नाचें उत्तर अनेक वर्षें सर्वांच्या तोंडीं होतें, पुस्तकांत छापलेलें होतें व समारंभांतून मान्य झालेलें होतें. परंतु तें चुकीचें होतें. तें चुकीचें कसें ठरलें व खरें उत्तर कोणत्या कागदांतून निघालें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रचलित हकीकत अशी होती कीं, अॅनी मूर पुढें पश्चिमेकडे गेली. टेक्सासमध्यें, आयरिश पुढारी डॅनियल ओकॉनेल याच्या कुळांतील म्हणविणाऱ्या एका गृहस्थाशीं तिचा विवाह झाला. आणि १९२३ सालीं फोर्ट वर्थ शहराजवळ ट्रामगाडीच्या अपघातांत तिचा अंत झाला. या हकीकतीस आधार काय म्हणाल तर त्या कुटुंबांत चालत आलेली परंपरा. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर ही बखर होती, कागद नव्हता. तथापि हकीकत सुरस होती. आयर्लंडांतून निघालेली गरीब मुलगी अमेरिकेच्या विस्तीर्ण पश्चिम भागांत जाऊन वसते, हें चित्र त्या राष्ट्राच्या मनांतील इतिहासाशीं चांगलें जुळत होतें. म्हणून ती कोणीं ताडून पाहिली नाहीं. त्या घराण्याच्या वंशजांस आयर्लंडांतील व एलिस बेटावरील समारंभांस मानानें बोलावण्यांत आलें. १९९३ सालीं कोव्ह येथें व एलिस बेटावर अॅनीचे पुतळे उभारले गेले, त्या वेळींही हीच हकीकत प्रमाण होती.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा तोतयाचा प्रकार नव्हे. पानिपतानंतर भाऊसाहेबांचें नांव घेऊन उठलेल्या तोतयाची हकीकत वाचकांस ठाऊकच आहे. आपण कोण, हें त्या तोतयास पक्कें माहीत होतें. टेक्सासच्या कुटुंबांत अॅनी मूर नांवाची बाई खरोखरच होऊन गेली होती, व वंशज जें सांगत तें सद्भावानेंच सांगत. नांव खरें, बाई खरी, मृत्यूची हकीकतही खरी. ‘नेवाडा’ बोटीशीं घातलेला सांधा तेवढा खोटा. असें प्रकरण उकलणें तोतयाच्या प्रकरणाहूनही अवघड जातें, कारण उलट तपासणींत अडखळेल असा कोणी लबाड मनुष्य त्यांत नसतो.

मेगन स्मोलेन्याक या बाईंचा कुलवृत्तांत शोधणें हाच व्यवसाय. सन २००२ च्या सुमारास एका चित्रपटाच्या निमित्तानें त्यांनीं टेक्सासच्या अॅनीविषयींचे सरकारी कागद काढून पाहिले, तों त्यांत तिचें जन्मस्थान अमेरिकेंतील इलिनॉय प्रांत असें आढळलें. जी अमेरिकेंतच जन्मली ती १८९२ सालीं आयर्लंडांतून प्रथमच आलेली मुलगी असणें शक्य नाहीं. इतक्या वर्षांची परंपरा खानेसुमारीसारख्या अगदीं साध्या कागदापुढें टिकली नाहीं. पण यानें एवढेंच ठरलें कीं ती ही नव्हे. मग ती कोणती ?

येथें खरी अडचण सुरू होते. अॅनी हें नांव व मूर हें आडनांव दोन्हीही अतिशय प्रचारांतलीं. न्यूयॉर्कांत अशा नांवाच्या बाया किती सांपडतील याची गणती नाहीं. शिवाय मुलगी विवाहानंतर नवऱ्याचें आडनांव घेते, आणि हा विवाह कोणाशीं झाला हें ठाऊक नसेल तर पुढील सर्व वह्यांतून ती अदृश्य होते. पुरुषाच्या बाबतींत नागरिकत्वाचे कागद मोठे उपयोगी पडतात. १९०६ नंतरच्या अर्जांत तर जन्मस्थान, बोटीचें नांव व आगमनाची तारीख हीं सर्व लिहावीं लागत. परंतु १९२२ सालीं कायदा बदलेपर्यंत अमेरिकेंत विवाहित स्त्रीचें नागरिकत्व नवऱ्याच्या नागरिकत्वावर अवलंबून असे. नवरा नागरिक असला कीं ती आपोआप नागरिक होई व तिच्या नांवाचा निराळा कागद बहुधा निर्माणच होत नसे.

खानेसुमारीचा मार्ग पाहावा तर तोही बंद. आयर्लंडांत एप्रिल १८९१ मध्यें खानेसुमारी झाली. त्या वेळीं अॅनी व तिचे भाऊ अद्याप त्याच देशांत होते. परंतु त्या खानेसुमारीचे मूळ तक्ते पहिल्या महायुद्धांत कागदाची टंचाई पडली तेव्हां लगदा करण्यासाठीं देऊन टाकण्यांत आले. इकडे अमेरिकेंत १८९० सालीं खानेसुमारी झाली, तेव्हां आईबाप न्यूयॉर्कास होते. पण ते कागद जानेवारी १९२१ मध्यें वॉशिंग्टन येथील आगींत सांपडून कांहीं जळाले व पुष्कळसे खराब झाले, आणि पुढें बहुतेक सर्व नाहींसे झाले. एक कुटुंब समुद्राच्या दोन तीरांवर विभागलेलें असतांना दोन्ही सरकारांनीं एकाच वर्षाच्या अंतरानें मोजदाद केली, आणि दोन्ही मोजदादींचे तक्ते नष्ट झाले. एलिस बेटावरील मूळ लांकडी इमारतही ता. १५ जून १८९७ रोजीं जळाली. ‘नेवाडा’ची उतारूंची यादी मात्र सुदैवानें शाबूत राहिली.

आयर्लंडांतील दफ्तरांची हकीकत आमच्या संग्राहक वाचकांनीं विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. ता. ३० जून १९२२ रोजीं तेथील यादवी युद्धांत डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना स्फोट होऊन जळाला. १८२१ ते १८५१ पर्यंतच्या खानेसुमारींचे तक्ते त्यांत बहुतांशीं गेले. सरकारमान्य प्रॉटेस्टंट पंथाच्या चर्चांतील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या पुष्कळशा वह्या कायद्यानें या दफ्तरखान्यांत आणून ठेवल्या होत्या, त्याही भस्म झाल्या. उलट रोमन कॅथलिक लोकांच्या वह्या सरकारनें कधीं मागितल्या नाहींत. त्या गांवोगांवच्या पाद्र्यांच्या घरीं, कपाटांत, कोठें ओलींत, कोठें उंदरांच्या तोंडीं पडून राहिल्या, आणि म्हणूनच वांचल्या. पुढें १९५० नंतरच्या दशकांत त्यांच्या प्रकाशचित्रफिती करण्यांत आल्या, व २०१५ सालापासून त्या चित्रांच्या रूपानें कोणासही घरबसल्या पाहतां येतात. एकाच सुरक्षित जागीं सर्व मूळ कागद आणून ठेवावे व नकला करूं नयेत, या धोरणाविरुद्ध यापेक्षां बोलकें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

या कॅथलिक वह्या वाचण्यास थोडी संवय लागते. पुष्कळ ठिकाणीं त्या लॅटिनमध्यें आहेत. जेम्सचा ‘जाकोबस’ होतो, अॅनीची ‘अॅना’. कॉर्क प्रांतांत आणखी एक खुबी आहे. आयरिश ‘कोनर’ नांवाच्या जागीं ‘कॉर्नेलियस’ व ‘डर्मट’च्या जागीं ‘जेरेमाया’ लिहिण्याची तेथें चाल होती, त्यामुळें त्या नांवाचीं मुळें शोधणारा फसतो. पण बाप्तिस्म्याच्या नोंदींत बापाबरोबर आईचें माहेरचें नांवही बहुधा असतें, आणि धर्ममायबापांचींही नांवें असतात. केवळ मुलाच्या नांवावरून कांहीं ठरत नाहीं. बाप, आई, आईचें माहेर व भावंडें असा सबंध घरकुटुंबाचा मेळ बसला म्हणजेच ओळख पटते. आपल्याकडे क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतील नोंदी लावतांना हाच अनुभव येतो.

अॅनीचा उलगडाही अशाच मेळानें झाला. २००६ सालीं स्मोलेन्याक बाईंनीं खऱ्या अॅनीचा पत्ता लावून देणारास एक हजार डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. थोड्याच आठवड्यांत न्यूयॉर्क शहराच्या दफ्तरखात्याचे प्रमुख ब्रायन अँडरसन यांच्या हातीं अॅनीचा भाऊ फिलिप याच्या नागरिकत्वाचा कागद लागला. बहीण सांपडत नव्हती तेव्हां भाऊ शोधला, कारण भावाचें आडनांव बदलत नाहीं. फिलिपवरून त्याची संतति, संततीवरून हयात वंशज, आणि त्यांच्यावरून अॅनीचा विवाह व पुढील वृत्तांत, असा उलटा प्रवास करीत शोध शेवटास गेला. ती टेक्सासला गेलीच नव्हती.

वयाचा प्रश्न स्वतंत्रपणें पाहण्यासारखा आहे. बोटीच्या यादींत अॅनीचें वय १३ लिहिलें आहे. वर्तमानपत्रांनीं तें १५ दिलें, व वर तो तिचा वाढदिवस होता अशी गोड पुस्तीही जोडली. वास्तविक तिचा जन्म १८७४ सालचा, म्हणजे ती १७ वर्षांची होती, व जन्मदिवस जानेवारींत नव्हताच. यादी अस्सल आहे, वर्तमानपत्रें समकालीन आहेत, तरी दोन्ही चुकलीं. समकालीन कागदांतील प्रत्येक अक्षर प्रमाण मानणाऱ्या एखाद्या संशोधकानें १३ हाच आंकडा धरून बसावयाचें ठरविलें असतें, तर खरी अॅनी समोर येऊनही चार वर्षांच्या फरकासाठीं त्यानें तिला परत लावलें असतें. गरीब लोकांच्या वयाचे आंकडे आमच्या मतें सर्वांत दुबळा पुरावा होत. नातीं त्या मानानें पुष्कळ बळकट. जातां जातां हेंही सांगणें इष्ट आहे कीं, एलिस बेटावरील कारकुनांनीं आपल्या पूर्वजांचीं नांवें बदललीं अशी समजूत अमेरिकेंतील अनेक कुटुंबांत आहे, ती निराधार आहे. यादी बोटीच्या कंपनीकडून तयार होऊन येई. ठाण्यावर ती ताडून पाहत एवढेंच.

आतां खऱ्या अॅनीचा वृत्तांत. मॅनहॅटनच्या दक्षिणेकडील गरिबांच्या दाट वस्तींत, आईबापांच्या बिऱ्हाडापासून थोड्याच गल्ल्यांच्या अंतरांत, तिनें सर्व आयुष्य काढलें. तिचा नवरा जर्मन कुळांतील एका भटारखानेवाल्याचा मुलगा असून फुल्टन मासळीबाजारांत नोकरीस होता. तिला निदान अकरा मुलें झालीं. त्यांतील पांचच मोठीं होईपर्यंत जगलीं. १९२४ सालीं हृदयविकारानें ती वारली. टेक्सासच्या हकीकतींतील विस्तीर्ण मैदानें येथें नाहींत, प्रसिद्ध कुळांशीं सोयरीकही नाहीं. अपत्यांच्या मृत्यूच्या नोंदी मात्र एकामागून एक आहेत, आणि त्या वाचतांना मन विषण्ण होतें. बखरीनें तिला दुसऱ्याच बाईचें आयुष्य दिलें तेव्हां हीं सहा मुलेंही इतिहासांतून पुसलीं गेलीं होतीं.

क्वीन्स भागांतील कॅल्व्हरी दफनभूमींत तिला पुरलें आहे. लहानपणीं गेलेलीं तिचीं कित्येक मुलेंही त्याच जागेंत आहेत. शोध लागल्यानंतर वर्गणी जमवून आयर्लंडांतून निळसर चुनखडीचा दगड आणविण्यांत आला व त्याचा आयरिश पद्धतीचा क्रूस घडवून ता. ११ ऑक्टोबर २००८ रोजीं तेथें उभा करण्यांत आला. तोंपर्यंत चौऱ्यायशीं वर्षें त्या जागेवर नांवाचा दगड नव्हता.